स्टॉप चुकला म्हणून बस बंद?

निवांत_६१

मंडळी, सल्ला मागायला नाही, भांडायला आलोय.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी सकाळी ओळखीतल्या एका घरी "मार्गदर्शक" म्हणून, स्वावलंबन शिकवायला जातो. तिथला मुलगा २६ वर्षांचा. बौद्धिक अक्षमता आहे, बोलतो थोडं पण नेमकं. घरात त्याला दादा म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. त्याच्याबरोबर वाण्याकडे जायचं, सुटे मोजायचे, चहा करायचा, असं आमचं चाललेलं असतं. आठ महिने बसचं शिक्षण चालू होतं. स्वारगेटला कोथरूड डेपोची बस धरायची आणि नळस्टॉपला मावशीकडे उतरायचं. आधी मी शेजारी बसायचो, मग दोन सीट मागे, मग स्कूटरवरून बसच्या मागे. जुलैपासून तो एकटा जायला लागला. दर स्टॉपला एक बोट मिटायचं, एक अंगठा उरला की उतरायचं. नऊ स्टॉप.

गणपतीत टिळक रस्ता बंद. बस वळवली. गर्दीत ती जिथे जिथे थांबली तिथे पठ्ठ्याने बोट मिटलं, आणि अंगठा उरल्यावर म्हात्रे पुलाच्या अलीकडे खाली उतरला. सव्वा तास पत्ता नाही. शेवटी एका चहाच्या टपरीवरून फोन आला. दादाने खिशातलं कार्ड काढून टपरीवाल्याच्या हातात दिलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा हा स्टुलावर बसून क्रीमरोल खात होता.

वहिनी, म्हणजे दादाची आई, तिथे काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा प्रयोग झाला. आता पुरे."

तेव्हापासून बस बंद. माझं म्हणणं, वाट आपणही चुकतो. मी स्वतः एकदा दौंडला जायच्या गाडीऐवजी लोणावळ्याच्या लोकलमधे बसलोय, माझा पास कोणी काढून घेतला नाही. बोला.

दोन_डबे

भाऊ, तुम्ही शनिवारचे. आम्ही सातही वारांचे.

माझी मुलगी ३१ची. तो सव्वा तास तुम्ही दोन ओळींत लिहिलात. त्या आईला विचारा, तेवढ्या वेळात तिने काय काय पाहून घेतलं डोळ्यांसमोर. आणि तुमचा मुलगा आहे. माझ्या मुलीने अनोळखी माणसाच्या हातात कार्ड दिलं तर तो माणूस टपरीवालाच निघेल याची हमी कोण देणार?

आमच्याकडेही आले होते उत्साही लोक. कोणी सहा महिने, कोणी वर्षभर. मुलीला लळा लागतो, मग त्यांची बदली होते, लग्न होतं, तब्येत बिघडते. ती मात्र दर गुरुवारी दाराशी चपला घालून बसलेली. चार महिने बसत होती. ते कोणाच्या खात्यात?

एका कार्यशाळेत नऊ वर्षं कागदी पिशव्या चिकटवल्या तिने. सुंदर चिकटवते. पण तिथे कुणाला सुचलं नाही की पोरीला पाळीचं पॅड बदलायला शिकवावं. ते मी शिकवलं, दोन वर्षं लागली. कॅलेंडरवर लाल टिकली लावून, बाहुलीला चड्डी घालून. त्याचा फोटो कोणी काढत नाही. म्हणून "स्वावलंबन" शब्द ऐकला की माझं डोकं उठतं.

खडू_डस्टर

विशेष शिक्षिका आहे, २२ वर्षं. दोघांनाही थोडं टोचेल.

निवांतकाका, चूक दादाची नाही आणि बसचीही नाही. शिकवण्यात चूक झाली. तुम्ही आकडा शिकवलात, जागा नाही. आमची मुलं सांगितलेलं तंतोतंत करतात, तेच त्यांचं बळ आणि तीच अडचण. बोटांऐवजी खुणा द्यायच्या होत्या: पूल गेला, पेट्रोलपंप गेला, अमुक पाटी दिसली की उठायचं. आणि सगळ्यात आधी शिकवायचं ते "चुकलो तर काय". मुद्दाम, आपण बरोबर असताना, चुकीच्या स्टॉपवर उतरायचं आणि पुढचं त्याला करू द्यायचं. तेही एकदा नाही, दहा वेळा. आता गंमत बघा, तेवढं कार्डाचं तुम्ही शिकवलं होतंत आणि नेमकं तेच कामाला आलं. म्हणजे परीक्षेत पोरगा पास झाला, पेपर तेवढा चुकीचा काढला होता.

चहाचं विचारते, कुठून सुरुवात केलीत? बहुतेक जण पातेल्यात पाणी ओतण्यापासून करतात. आम्ही उलटं करतो. बाकी सगळा चहा बाईंनी करायचा, मुलाने फक्त शेवटी कपात गाळायचा. पहिल्याच दिवशी "मी चहा केला" म्हणून तो कप घेऊन फिरतो. मग गाळायच्या आधीची पायरी, गॅस बंद करणं. मग त्याच्या आधीची. गॅस पेटवणं सगळ्यात शेवटी येतं, तोवर बंद करणं हाडात मुरलेलं असतं.

दोन_डबे ताई, पॅडचं तुम्ही जे केलंत ते आमच्या वर्गात येऊन दाखवाल का? खरंच विचारतेय.

चाकांवरून

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हातपाय नीट चालत नाहीत), व्हीलचेअर, वय ३८, सॉफ्टवेअरमधे नोकरी. वरचं सगळं वाचलं. काका बोलले, आई बोलल्या, बाई बोलल्या. दादाला कोणी विचारलं का, की बाबा रे, तुला बसने जायचंय का?

आणि "सगळं स्वतःच्या हाताने करणं म्हणजे स्वावलंबन" हे कोणी ठरवलं? मला आंघोळ घालायला माणूस येतो. शर्टाची बटणं मी लावू शकतो, पण पंचवीस मिनिटं लागतात. तीही एका थेरपीवाल्यांनी वर्षभर घासून घेतली होती माझ्याकडून. मी आता लावत नाही. ती पंचवीस मिनिटं मी पेपर वाचतो. शर्ट कुठला घालायचा, घरी किती वाजता यायचं, पगाराचं काय करायचं, हे मी ठरवतो.

अमेरिकेत एड रॉबर्ट्स होता. पोलिओने मानेखाली लुळा, रात्री लोखंडी फुप्फुसात, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या मोठ्या पेटीसारख्या यंत्रात, झोपायचा. सरकारी पुनर्वसन खात्याने आधी याच्यावर शिक्का मारला, हा नोकरी करण्याच्या पलीकडचा आहे. १९७२ मधे त्याने आणि त्याच्या मित्रांनी बर्कलीत स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं, ते अपंगांनीच चालवलं. आणि १९७५ मधे तोच गडी कॅलिफोर्नियाच्या त्याच खात्याचा प्रमुख झाला. त्याला कोणी बटणं लावायला शिकवत बसलं असतं तर झालंच.

म्हणून मला ते "मार्गदर्शक" प्रकरण जरा खुपतं. शिकवणारा नेहमी धडधाकट आणि शिकणारा नेहमी आम्ही. एखादा मार्गदर्शक चाकांवरचा असू दे की.

दोन_डबे

तुमचं सगळं बरोबर, तुमच्यासाठी. तुम्हाला "नाही" म्हणता येतं. माझ्या मुलीला विचारलं, चहा हवा की कॉफी, तर ती "कॉफी" म्हणते. कॉफी हवी की चहा विचारलं तर "चहा". शेवटचा शब्द उचलते. आता सांगा, मी तिची मर्जी कुठे शोधू?

कायद्यात १९९५ साली अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. चांगलंच झालं. पण एका यादीत आलो म्हणून आपलं दुखणं एक होत नाही. रॉबर्ट्सचं डोकं तल्लख होतं, हात बंद होते. माझ्याकडे उलट आहे.

खडू_डस्टर

ताई, शब्दात विचारू नका. दोन्ही कप समोर ठेवा, जागा बदलून बदलून, आठवडाभर. हात कुठे जातो बघा आणि लिहून ठेवा. मर्जी सापडते. वेळ लागतो.

सरकारी_टाचणी

एक कामाचं. मूल १८चं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेक घरांत बँकेच्या खिडकीवर कळतं. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व मिळतं. त्या समितीत एक सदस्य अपंग व्यक्ती असावी लागते. आणि २०१६चा कायदा मर्यादित पालकत्व म्हणतो, म्हणजे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा, त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. कागदावर चाकांवरून यांचंच म्हणणं आहे. घरात कोणाचं चालतं ते वेगळं.

पांढरी_काठी

मला दिसत नाही, म्हणून थोडक्यात, फोन वाचून दाखवतोय.

काठी घेऊन एकट्याने चालायची परीक्षा होती, तेव्हा सर म्हणाले, "मी इथेच गेटपाशी आहे, तू स्टेशनपर्यंत जाऊन ये." गेलो. दोनदा हातगाडीला धडकलो, एकदा गटाराच्या कडेला पाय गेला. परत आलो, छाती फुगवून. तीन वर्षांनी कळलं, सर अख्खा रस्ता दहा पावलं मागे होते. चपला हातात घेऊन! मला आवाज ओळखू येतो ना त्यांच्या चपलांचा.

आधी राग आला. आता मी दुसऱ्यांना शिकवतो, तर मीही कोणाला तरी डोळस माणसाला मागे ठेवतो. पण शिकणाऱ्याला ते आधी सांगतो. सरांचं तेवढं मला अजून पटलेलं नाही.

दोन_डबे

चपला हातात घेऊन चालणारा माणूस मिळाला तर मीही पाठवेन मुलीला. वर्षभर टिकणार असेल तर.

निवांत_६१

भांडण झालं, बरं वाटलं. खडूबाई, बोटांचं कबूल. चहाही मी पातेल्यापासूनच शिकवत होतो, तीन महिने झाले, अजून उतू जातो. या शनिवारपासून गाळणं.

दोन_डबे ताई, तुमचं ते चपला घालून बसणं वाचल्यावर रात्री झोप नाही लागली. माझं वय ६१, गुडघे बरे नाहीत. पुढच्या शनिवारी शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाला बरोबर नेतोय, दादाला त्याची आत्तापासून सवय होऊ दे. टिकेल का माहीत नाही.

आणि चाकांवरून, काल दादाला विचारलं. वहिनी समोरच होत्या. म्हटलं, "दादा, बसने जायचं परत?"

"जायचं."

"कुठे उतरणार?"

मी म्हटलं आता नळस्टॉप म्हणेल. तर म्हणाला, "क्रीमरोल."

वहिनी हसल्या, मग आत गेल्या, मग बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मागच्या सीटवर बसणार असाल तर. आणि त्याला सांगून."