वेताची चंडीगढ खुर्ची पुण्यात कुठे मिळेल?

मृण्मयी_कोथरूड: चंडीगढच्या धर्तीच्या दोन खुर्च्या हव्यात. सागाचे तिरके पाय, वेताची बैठक. हॉल १० बाय १४. मोठा सोफा काढल्यापासून फरशी मोकळी दिसते, ती तशीच राहायला हवी. दोन्ही मिळून बजेट २० हजार. आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात, महिन्यातले आठ दिवस आमच्याकडे असते. कुणी वापरली आहे का?

सागवान: २० हजारांत काही होत नाही. आम्ही अख्खा सागाचा सोफासेट करून घेतला, ८५ हजार. सहा वर्षांत एक सांधा हलला नाही. घ्यायचं तर एकदाच घ्या.

मृण्मयी_कोथरूड: दादा, सोफाच काढलाय.

नारायणपेठी: आमच्या आजोबांची लांब हातांची आरामखुर्ची अजून गॅलरीत आहे. वेत तीनदा बदलला, लाकूड तेच. असल्या नव्या डिझाइनला कशाला पैसे घालता? बुधवारी नाहीतर रविवारी सकाळी जुन्या बाजारात जा. खुर्ची उलटी करून बघा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा लागलाय, फुकट दिली तरी आणू नका.

वास्तु_७: काका, हे डिझाइनही १९५० च्या दशकातलंच आहे. लोक चंडीगढ शहराची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिएचं नाव घेतात, पण यात मुख्य काम त्याचा चुलतभाऊ पिएर जाँनरे याचं, आणि यूली चौधरींसारखे भारतीय वास्तुविशारद त्याच्या सोबत होते. सचिवालय, हायकोर्ट, कॉलेजं, सगळीकडे हजारोंनी लागणार होत्या, म्हणून साग, वेत आणि तिथल्याच सुतारांना जमेल अशी बांधणी. पुढे आपणच त्या भंगारात काढल्या आणि परदेशातल्या लिलावांत त्या लाखोंना गेल्या. २०११ मध्ये गृहमंत्रालयानं विक्रीवर बंदी घातली. कुणी ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवली तर सरळ निघून या.

कर्वेरोडकर: मी ऑनलाइन मागवली होती, एक खुर्ची ११ हजार. आठव्या महिन्यात जाळी मागच्या कडेच्या खाचेतून सुटून वर आली. पाहुणे बसले होते. दुकानदार म्हणाला, वॉरंटी लाकडाची. मुळीच घेऊ नका.

सागवान: ती शिसमची असणार. साग घ्या.

कर्वेरोडकर: सागाचीच होती. आणि शिसम काही कमी नसतं.

सागवान: पुण्याच्या पावसाळ्यात साग तो साग.

वास्तु_७: लाकडाचा प्रश्नच नाही इथे. चौकटीला भोकं पाडून हातानं विणलेली बैठक वेगळी आणि तयार जाळी खाचेत दाबून बसवलेली वेगळी. दुसरी स्वस्त पडते, पण कडेला सुटते. खुर्ची उलटी करा, कडेला भोकांची ओळ आहे का बघा. वेत एसीच्या झोतात ठेवू नका, कोरडा पडून तडकतो. सैल पडला तर खालच्या बाजूनं ओल्या फडक्यानं भिजवा आणि सावलीत वाळू द्या, पुन्हा ताणतो.

नारायणपेठी: खुर्ची उलटी करा हे मी आधीच सांगितलंय.

स्वाती_सहकारनगर: ताई, आईंचं बघा आधी. या डिझाइनमध्ये ऑफिसची खुर्ची वेगळी, तिची बैठक साधारण १८ इंचांवर. आरामखुर्ची चांगलीच बुटकी. माझ्या सासूबाईंना बुटक्या खुर्चीतून दोघांनी धरून उठवावं लागायचं, फार वाईट वाटायचं त्यांना. भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून लाकूड घेऊन सुताराकडून १८ इंचांची करून घ्या.

कर्वेरोडकर: सुतार तारखेला देत नाहीत.

स्वाती_सहकारनगर: आमच्यानं दिली. तीन आठवडे म्हणाला होता, तीनच लागले.

मृण्मयी_कोथरूड: सगळ्यांचे आभार, काल ठरवलं. एकच घेतली, आणि बुटकी आरामखुर्चीच. हातविणीची, भोकं मोजून आले, १७ हजार. आईला दुकानात नेलं होतं. बसली, उठताना हातांवर जोर द्यावा लागला. म्हणाली, मला माझी जेवणाच्या टेबलाची खुर्चीच बरी, ही तू घे. खिडकीपाशी ठेवली आहे. दुपारी जाळीतून ऊन फरशीवर पडतं, त्यासाठीच हवी होती मला.

सागवान: १७ हजारांत एक? त्यात दिवाण आला असता.

स्वाती_सहकारनगर: आईंच्या खुर्चीला हात आहेत का? नसतील तर एका बाजूला तरी बसवून घ्या. आमच्या सुताराचा नंबर खासगी निरोपात पाठवते.

नवा_सभासद: मलाही सुताराचा नंबर मिळेल का? बजेट ५ हजार, चार खुर्च्या.