आधी बस तरी

दादा, तुमचा प्रश्न असा की सरकारी रुग्णालयात केसपेपर भरून देणं, पेशंटला चहा नेऊन देणं हे तर कोणीही करतं, मग त्यात ख्रिस्ती ते काय? मला पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेज गावच्या सिस्टरांकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, राहत होत्या. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी या सिस्टर लंडनच्या फुलहॅम भागात काम करत. ते पाहून रमाबाईंनी विचारलं, या बायकांची तुम्हाला एवढी कळकळ का? तेव्हा एका सिस्टरनं बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली; लोक जिला टाळत, तिच्याशी येशू आपणहून बोलतो ती. म्हणजे आधी काम दिसलं, वचन मागाहून आलं! पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातल्या कितीतरी मुलींना रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात आसरा मिळाला, तो याच वाटेनं.

मी दर शनिवारी वॉर्डात जाते. सुरुवातीला प्रार्थना कधी उरकते याचीच घाई असायची (आता लाज वाटते). एका आजींनी हात धरला, "पोरी, आधी बस तरी." तेव्हापासून आधी बसते. प्रार्थना बहुतेक वेळा परतीच्या एसटीत होते.