अँपसाठी पॉवर केबल घरी करायची आहे: तार कोणती, प्लग कोणते?

सुदामानगरी
इंदूर. सिस्टिम साधी आहे: ५०+५० वॉटचा इंटिग्रेटेड अँप, डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा) आणि टर्नटेबलचा फोनो प्रीअँप. तिघांनाही मागे कॉम्प्युटरला असतो तो तीन पिनांचा सी-१४ सॉकेट. सोबत आलेल्या केबलवर ०.७५ छापलंय. डॅकची केबल इतकी ढिली बसते की टेबल हललं की डॅक बंद. तयार 'ऑडिओफाइल' केबलच्या भावात दुसरा अँप येईल. दीड-दीड मीटरच्या तीन करायच्या आहेत, बजेट दीड हजार. तार किती एमएमची घ्यावी? शील्डवाली (कोरभोवती धातूची जाळी असलेली) हवी का? आणि स्पीकरमधून बारीक हमिंग येतं, ते केबल बदलून जाईल का?

तारजोड
हमिंगचं शेवटी बघू, ती भानगड बहुधा वेगळीच असते.

जाड तारेने आवाज सुधारेल या भरवशावर खर्च करू नका. ०.७५ ची (चौरस मिमी, बाजारात नुसतं 'एमएम' म्हणतात) तांब्याची तार किलोमीटरला २६ ओहम, दीडची १३.३. तुमची केबल जाऊन-येऊन ३ मीटर, म्हणजे ०.०७८ विरुद्ध ०.०४ ओहम. अँपने ३ अँपियर ओढले तरी फरक पडला ०.११ व्होल्टचा, २३० मध्ये. लाइनचं व्होल्टेज दिवसभरात याच्या कितीतरी पट हलतं. घरी केबल करण्याचा फायदा इतकाच की लांबी हवी तेवढी मिळते, जोड पक्का राहतो आणि कनेक्टर घट्ट बसतो. तुमच्या डॅकचं दुखणं नेमकं तेच आहे.

महाराणी रोडवर (इंदूरचा इलेक्ट्रिकल बाजार) 'दीड एमएम थ्री-कोर राउंड फ्लेक्सिबल' मागा, आयएस ६९४ ची, पाच मीटर. साडेचार लागेल, उरलेली हात बसवायला. अडीच एमएमच्या मोहात पडू नका. तिची बाहेरची जाडी १० मिमीच्या आसपास जाते, सी-१३ च्या (सी-१४ मध्ये बसणारा केबलकडचा कनेक्टर) तोंडात धड शिरत नाही, आणि ताठ असल्यामुळे स्वतःच्या वजनानेच कनेक्टर खाली ओढते. सी-१३ कनेक्टर स्क्रूवाला (रिवायरेबल), १० अँपियरचा घ्या. दुकानातच तारेचा तुकडा त्याच्या मागच्या भोकात घालून बघा. प्लग टॉप ६ अँपियरचा चालेल, पण आयएसआयचा, पितळी भरीव पिनांचा. पोकळ, दुमडलेल्या पत्र्याच्या पिना सॉकेटमध्ये दबतात आणि तापतात.

बांधणीत मेख आहे ती टोकांशी. बाहेरचं कव्हर सी-१३ कडे ३५ मिमी आणि प्लगकडे ४५ मिमी सोला, पण ब्लेड गोल फिरवून खोल दाबू नका. वरवर चरा पाडून केबल वाकवली की कव्हर आपोआप फाटतं, आतल्या कोरना धक्का लागत नाही. प्रत्येक कोर ७-८ मिमी सोला. हिरवी-पिवळी (अर्थ) इतर दोघींपेक्षा सेंटीमीटरभर लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेलीच तर अर्थ सर्वात शेवटी सुटेल. तपकिरी एलला (फेज), निळी एनला (न्यूट्रल). जुन्या रंगांत लाल आणि काळी. टर्मिनलवरची अक्षरं वाचा, डावं-उजवं अंदाजाने ठरवू नका.

तारा पिळून त्यांना कथील लावायची सवय बऱ्याच जणांना असते. इथे ती सोडा. सोल्डर स्क्रूच्या दाबाखाली महिनोन्महिने सरकत राहतं, स्क्रू ढिला होतो, जोड तापतो आणि शेवटी प्लगचं प्लास्टिक पिवळं पडतं. दीड एमएमचे पिन-लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) क्रिम्प करून घाला. लग भोकात मावत नसेल तर तारा पिळून टोक दुहेरी दुमडा. कॉर्ड ग्रिप बाहेरच्या कव्हरवर आवळली पाहिजे, आतल्या रंगीत कोरवर नाही. ग्रिप आवळल्यावर टर्मिनलचे स्क्रू पुन्हा एकदा फिरवून बघा, त्यातला एखादा हमखास अर्धा आटा घेतो.

ओहमवाला
तारेतली फसवणूकही बघून घ्या. वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी तार सर्रास विकली जाते. एक बारीक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. तारा मोजा: दीड एमएममध्ये ०.३ मिमीच्या २२ किंवा ०.२५ च्या ३० असतात. १८-२० भरल्या तर माल कमी गेजचा.

त्याहून पक्की परीक्षा अशी: १२ व्होल्टची बॅटरी घ्या, गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब घ्या आणि केबलचा एकच कोर त्यांच्या सिरीजमध्ये जोडा. करंट साडेचार अँपियरच्या आसपास येतो. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून कोरच्या दोन टोकांवर मोजा. दीड मीटरला ९० मिलिव्होल्टच्या आसपास आलं तर तांबं खरं, १४० च्या पुढे गेलं तर नाही. प्लग लावून झाल्यावर पिनेपासून सी-१३ च्या भोकापर्यंत पुन्हा मोजा (भोकात जुन्या सी-१४ सॉकेटची पिन घाला). रीडिंग पाच-दहाने वाढेल. पन्नासने वाढलं तर तो जोड उघडा. हे सगळं बॅटरीवर, लाइनवर चुकूनही नाही.

सुदामानगरी
शील्डचं राहिलं. आणि तयार केबल पहिल्यांदा लाइनला कशी लावू?

तारजोड
आधी मल्टिमीटर: ई ते ई बीप, एल-एल, एन-एन बीप, बाकी सगळ्या जोड्या गप्प. बीप चालू असताना केबल ग्रिपजवळ हलवा, तुटक वाजलं तर आत काहीतरी ढिलं आहे. मग केबलला काहीही न जोडता ती १०० वॉटच्या फिलामेंट बल्बच्या सिरीज बोर्डातून (लाइन आणि केबलच्या मधे बल्ब) लाइनला लावा. बल्ब पेटता कामा नये. पेटला तर शॉर्ट. पहिल्या दिवशी अँप तासभर वाजवा, मग स्विच बंद करून प्लग हाताला लावून बघा. कोमट लागला तरी उघडून तपासा.

शील्डवाली केबल फोनोची तार शेजारून जात असेल तरच घ्या. जाळी फक्त प्लगच्या ई ला जोडा. सी-१३ कडे ती मागे कापून वर श्रिंक ट्यूब चढवा, एक जरी तार एलला टेकली तरी एमसीबी पडेल. पॉवर केबल फोनोच्या तारेपासून वीतभर लांब ठेवली आणि ओलांडताना काटकोनात नेली, तर बहुतेक घरांत शील्ड लागत नाही.

अर्थखड्डा
हमिंगसाठी: अँपच्या मागच्या सगळ्या सिग्नल केबल काढा. हमिंग गेलं तर ग्राउंड लूप (उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली जाऊन झालेलं वेटोळं) आहे, एकेक लावत जा, कुठे परत येतं ते कळेल. सेट-टॉप बॉक्सची कोअ‍ॅक्स केबल जोडली असेल तर आधी तिच्यावर संशय घ्या. टर्नटेबलची बारीक अर्थची तार फोनोच्या ग्राउंड स्क्रूला आहे ना, तेही बघा. तिन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. सगळं काढूनही हमिंग तेवढंच राहिलं तर दोष अँपच्या आत. अर्थची पिन काढून हमिंग घालवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. तीच पिन अँपची बॉडी सुरक्षित ठेवते.

सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. एक ते तीन व्होल्ट ठीक. दहा-वीसच्या वर गेलं तर घराचं अर्थिंग कमजोर. घरात गीझर चालू असतानाही अगदी शून्य आलं तर बोर्डात कोणीतरी न्यूट्रल-अर्थ एक केलेले असू शकतात, वायरमनला बोलवा. माळव्याच्या काळ्या मातीत आणखी एक गोष्ट होते: पावसाळ्यात ती फुगून इलेक्ट्रोडला घट्ट धरते, मे महिन्यात भेगाळून सुटते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. खड्ड्याचं झाकण उघडून उन्हाळाभर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओता. राजवाड्याकडच्या जुन्या घरांत तर वायरिंगच दोन तारांचं असतं. तिथे आधी बोर्डापर्यंत तिसरी तार ओढून घ्यावी लागते, तोवर अर्थवाल्या प्लगचा उपयोग नाही.

सुदामानगरी
सिग्नल केबल काढल्यावर हमिंग गेलं, टीव्हीची जोडली की परत येतं. न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्ट.

अर्थखड्डा
मग टीव्हीकडून डॅकला ऑप्टिकल केबलने या, त्याला ते इनपुट बहुधा असतंच. नसेल तर आरसीएच्या मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.