बाबूच्या खोलीसाठी मॉनिटर

बाबू: नमस्कार मंडळी. पडवीतल्या खोलीत रेकॉर्डिंगसाठी मॉनिटर घ्यायचाय. लॅपटॉपच्या १५ इंचांत आता भागत नाही. परवा बुवांचं भजन घेतलं. पेटी, पखवाज, झांज, बुवांचा आवाज आणि कोरसचे चार माईक. सॉफ्टवेअरमधला मिक्सर उघडला की ट्रॅक, म्हणजे एकेका माईकच्या आवाजाच्या पट्ट्या, दिसत नाहीत, ट्रॅक बघायला गेलं की मिक्सर गायब. बजेट २० हजार. एकच मोठा घेऊ की २४ इंचांचे दोन?

अण्णा: २० हजार? खयसून इले?

बाबू: गणपतीतल्या रेकॉर्डिंगचे साठवलेत.

अण्णा: मगे ठीक. पण हॉलात ४३ इंची टीव्ही आसा मा. तोच जोड. आमी बातम्यो मोबाईलवर बघू.

काकी: मी मोबाईलवर मालिका बघूचंय नाय. आधीच सांगतंय.

दादा (पुणे): टीव्ही नको रे बाबा. बाबू, २७ इंची कर्व्ह्ड गेमिंगवाला बघ, १६५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलतं. सेलमध्ये मस्त मिळतात. नाहीतर थोडे वर घालून ३४ इंची अल्ट्रावाइड घे, आडवा लांबट. अख्खं भजन एका नजरेत.

आत्या (रत्नागिरी): काय ते घे, पण डोळे सांभाळ. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसतोस म्हणे.

बाबू: ताई, तू बोल ना. तू रोज स्टुडिओत बसतेस.

ताई (ठाणे): लोकलमध्ये होते. आधी सांग, टेबल किती रुंद आहे? आणि स्पीकर किती रुंद?

बाबू: टेबल आजोबांचं, फणसाचं. चार फूट. स्पीकर ५ इंचीवाले, एकेक साधारण १९ सेंटीमीटर.

ताई (ठाणे): मग दोनचा विषय इथेच संपला. चार फूट म्हणजे १२२ सेंटीमीटर. २४ इंची मॉनिटर ५३ सेंटीमीटर रुंद असतो, कडा धरून ५४. दोन लावलेस की १०८ गेले. उरले १४. दोन स्पीकरना ३८ लागतात. म्हणजे स्पीकर एकतर मॉनिटरच्या मागे जाणार, नाहीतर खिडकीत. मग ते घेतलेस कशाला?

२७ इंची एकच घेतलास तर ६० ते ६२. त्यात ३८ मिळव, शंभर झाले. वर २२ उरतात, ती दोन्ही बाजूंना वाटून टाक. दादाचा अल्ट्रावाइड ८० च्या आसपास. ८० आणि ३८ म्हणजे ११८. बसेल, पण स्पीकर टेबलाच्या कडेवर टेकतील. रात्री अंधारात कुणाचा हात लागला की खाली.

दादा (पुणे): बरं, अल्ट्रावाइड रद्द. पण १६५ हर्ट्झने काय बिघडलं? सगळं स्मूद चालतं.

ताई (ठाणे): बिघडत काहीच नाही, त्याचे पैसे आपल्या कामाला लागत नाहीत एवढंच. आवाज उशिरा येतो तो ऑडिओच्या बफरमुळे, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे तुकडे आधी साठवतो आणि मग पुढे पाठवतो त्यामुळे. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल, १२८ सॅम्पलचा बफर ठेवला तर तिथे पावणेतीन मिलिसेकंदांच्या जवळपास जातात. मॉनिटर ६० हर्ट्झचा असो की १६५ चा, त्यात फरक पडत नाही. ते पैसे रिझोल्यूशनला, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांच्या संख्येला, घाल. आणि कर्व्ह्ड तर मुळीच नको, ट्रॅकच्या सरळ रेघा दिवसभर वाकड्या बघायच्या.

बाबू: रिझोल्यूशन म्हणजे फोर-के?

ताई (ठाणे): तुझा लॅपटॉप जुना आहे. त्याचं एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के फक्त ३० हर्ट्झवर चालणार. माऊसचा बाण अडखळत सरकतो, वैताग येतो. शिवाय २७ इंचांवर फोर-केमधली अक्षरं मुंगीएवढी. स्केलिंग वाढवलं, म्हणजे अक्षरं मोठी केली, की काही जुने प्लगइन, ते आवाजावरचे इफेक्ट, धुरकट दिसतात, काही छोटेच राहतात. तू ते फुकटवाले जुने प्लगइन वापरतोस ना, त्यांचं हमखास असं होतं.

२५६० बाय १४४० घे, दुकानात क्यूएचडी म्हणतात. तुझ्या जुन्या पोर्टवरही ६० हर्ट्झला चालतो. फुल एचडीच्या उभ्या १०८० ऐवजी १४४० रेघा म्हणजे एक-तृतीयांश जास्त. वर ट्रॅक, खाली मिक्सर, एकाच वेळी. तुझी मूळ तक्रार तीच होती. पॅनल आयपीएसच बघ, म्हणजे बाजूला बसलेल्या बुवांनाही रंग उडालेले दिसणार नाहीत. २७ इंची साधा फुल एचडी मात्र घेऊ नकोस. आकार वाढतो, जागा तेवढीच, फक्त ठिपके मोठे दिसतात. लॅपटॉप बाजूला उघडा राहू दे, ट्यूनर आणि फाइली त्याच्यावर.

अण्णा: टीव्ही घेतलो आसतो तर ह्या सगळ्या लफड्यात पडूक लागला नसता.

ताई (ठाणे): अण्णाकाका, ४३ इंची टीव्ही म्हणजे ९५ सेंटीमीटरची काच. स्पीकरांच्या मधोमध ती उभी केली तर आवाज तिच्यावर आपटून परत कानात येणार. बाबूला पेटी खणखणीत वाटेल, बुवांच्या गाडीत लावली की बसकी. मॉनिटरच्या बाबतीतही हेच. बाबू, मॉनिटरचा चेहरा स्पीकरांच्या चेहऱ्याच्या रेषेत किंवा जरा मागे ठेव, पुढे आणू नकोस. आणि खाली उतरव. स्पीकरचा छोटा घुमट, तो ट्वीटर, कानाच्या उंचीला हवा, त्याच्या आड काही नको. दोन स्पीकर आणि तुझं डोकं यांत सारखंच अंतर ठेव.

म्हणून मॉनिटरला मागे आर्म, म्हणजे त्याला उचलून धरणारा हात, लावता येतो का बघ. मागच्या बाजूला चार भोकं असतात, १०० बाय १०० मिलिमीटरवर. स्वस्तातल्या काही मॉडेलना नसतात. त्या रुंद पायांच्या स्टँडने टेबलावरची पेटीची जागा जाते.

अण्णा: फणसाच्या फळयेक भोक पडता नये हां. बापाशीचा टेबल तो.

ताई (ठाणे): भोक नाही पडत. क्लॅम्प असतो, खालून आवळायचा. मधे रबराचा तुकडा घाला. फक्त फळी जाड आहे, क्लॅम्प तेवढा उघडतो का ते विचारून घ्या.

आत्या (रत्नागिरी): ऑनलाइन मागवणार की दुकानातून? आमच्याकडे शेजाऱ्यांचा मागवलेला फुटून आला होता, परत पाठवताना नाकी नऊ आले.

ताई (ठाणे): दुकानातून, आत्या, कारण घेण्याआधी कान लावून बघायचाय. बाबू, दुकानात मॉनिटर चालू करायला सांग, ब्राइटनेस तीस टक्क्यांवर आण आणि मागच्या बाजूला कान ने. काही पॅनल मंद केले की किर्रर्र करतात. दुकानात पंख्याखाली ते जाणवत नाही, म्हणून पंखा बंद करायला सांग. ते हसतील, हसू देत. तुझा कंडेन्सर माईक दोन फुटांवर असणार, त्याला ती किरकिर स्पष्ट ऐकू येते. माईकची पाठ मॉनिटरकडे राहील असा उभा कर, कार्डिऑइड माईकला मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं.

बाबू: ताई, आत्ता एक गोष्ट होते. लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर असला की स्पीकर गप्प. चार्जर लावला की बारीक गुंग्ग सुरू. मॉनिटर जोडल्यावर वाढेल का?

ताई (ठाणे): वाढू शकतं. एचडीएमआय केबलमधून मॉनिटरचं अर्थिंग लॅपटॉपला येऊन मिळतं आणि दोन वाटांनी जमीन मिळाली की गुणगुण येते. लॅपटॉप, मॉनिटर, स्पीकर, इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा) सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लाव. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल वापर, पिनेवर दोन काळ्या कड्या असलेली टीआरएस. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणी सांगितलं तरी काढायची नाही. आवाज थांबेल, पण शॉक बसेल.

अण्णा: अर्थिंगचो खड्डो मे महिन्यात सुकता. जांभो दगड, पाणी रवणा नाय. बादलीभर ओतूक लागता.

ताई (ठाणे): तेच ते! आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टर कुठला आहे आपल्याकडे, स्क्वेअर वेव्ह की साइन वेव्ह?

अण्णा: दहा वर्षा जुनो. पंखो गुणगुणता तेच्यावर.

ताई (ठाणे): म्हणजे स्क्वेअर वेव्ह. पंखा गुणगुणतो तसेच स्पीकरही गुणगुणणार. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर घ्या आणि हेडफोनवर एडिटिंग करा, रेकॉर्डिंग त्या वेळी नको. पावसाळ्यात तसंही कौलांवर धो-धो असतं. तेव्हा मॉनिटर रोज तासभर चालू ठेव, प्लास्टिक गुंडाळून बंद खोलीत ठेवायचा नाही, आत ओल धरते. माईक मात्र डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. दमट हवेत कंडेन्सर चुरचुर करायला लागतो.

दादा (पुणे): आर्म मी देतो माझ्याकडून. गेमिंगवाला सुचवल्याची भरपाई.

बाबू: 🙏 मग २७ इंची, क्यूएचडी, आयपीएस, मागे चार भोकं, ६० किंवा ७५ हर्ट्झ चालेल. शनिवारी कुडाळला जाऊन बघतो.

अण्णा: शनिवारी नको, वायरमन येतलो आसा. आधी अर्थिंग बघून घेवया. तू घराक रव, खड्डो तुकाच खणूचो आसा.

काकी: आणि जाताना टेबलाची फळी मोजून ने, नायतर परत फेरो.