परसातील गांजाच्या झाडाचे शेंडे पिवळे, शिरा मात्र हिरव्या: ही नेमकी कशाची कमतरता?

परसदार_किचनर (प्रश्न):
नमस्कार. मी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात किचनर येथे राहतो. येथे ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना दर घरामागे गांजाची चार झाडे लावण्याची कायद्याने मुभा आहे, आणि त्यानुसार मी परसात चाळीस लिटरच्या कापडी कुंड्यांत चार झाडे लावली आहेत. भारतात ही लागवड गुन्हा ठरते याची मला जाणीव असून प्रश्न येथील झाडांपुरताच आहे.

जुलै संपेपर्यंत चारही झाडे छातीएवढी आणि गर्द हिरवी होती. आता ऑगस्टचा तिसरा आठवडा चालू आहे, फुलोरा दिसू लागला आहे, आणि दोन झाडांचे शेंडे पिकल्या लिंबासारखे पिवळे झाले आहेत. नवे पान देठाच्या बाजूने पिवळे पडत जाते, पण त्याच्या शिरा रेखल्यासारख्या हिरव्या राहतात. खालची पाने बऱ्यापैकी हिरवी आहेत, फक्त त्यांतील काहींवर तपकिरी ठिपके आले आहेत. नत्र कमी पडले असे समजून मी माशांचे द्रवरूप खत दोनदा दिले आणि मॅग्नेशियमसाठी एप्सम मीठही एकदा दिले, तरी काहीच फरक पडला नाही. आता आणखी काय द्यावे?

निवृत्त_कृषिसहायक:
तूर्तास काहीही देऊ नये, ही पहिली विनंती.

पान कोणत्या रंगाचे झाले यापेक्षा पिवळेपणा झाडावर कोठून सुरू झाला, हे आधी पाहावे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात फिरती असतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून शेंड्याला पुरवते, त्यामुळे झळ खालच्या पानांना बसते. नत्र कमी असेल तर खालचे पान सरसकट फिकट होऊन गळते, मॅग्नेशियम कमी असेल तर खालच्या व मधल्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो, आणि पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा करपतात. लोह मात्र एकदा पानात गेले की तेथेच राहते, म्हणून त्याची उणीव सर्वांत कोवळ्या पानावर दिसते. आपण केलेले वर्णन, म्हणजे देठाकडून पिवळे होणारे नवे पान आणि हिरव्या शिरा, हे लोहाचेच आहे. आमच्या कोल्हापूर भागात चुनखडीच्या जमिनीतल्या उसाला, विशेषतः खोडव्याला (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला), असाच केवडा पडतो, म्हणजे कोवळी पाने पिवळी पडतात. गांजाचे पीक मी कधी केले नाही, परंतु झाडाचे हे गणित पिकागणिक बदलत नाही.

केवड्याच्या जमिनीत लोह नसते असे नाही. सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा) वाढला, म्हणजे माती अल्कधर्मी झाली, की ते मुळांना घेता येत नाही, एवढेच. ताट वाढलेले असते, पण हात पोचत नाही. मला खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. चारपैकी दोनच झाडे का? माती एक, पाणी एक, ऊन एक असताना त्या दोन कुंड्यांत आपण वेगळे काय केले, हे आठवून सांगावे.

परसदार_किचनर:
काका, आपला प्रश्न वाचून मी चपापलो. जुलैच्या सुरुवातीला शेगडीतली लाकडाची राख मी दोन कुंड्यांत दोन-दोन मग टाकली होती, कारण गावाकडे आजी वालाच्या वेलांना राख घालत असे. राख संपली, म्हणून उरलेल्या दोन कुंड्या तशाच राहिल्या. पाणी अंगणातल्या नळाचे असते आणि आमच्याकडच्या किटलीत त्याचा पांढरा थर जमतो.

ओकानागनकर:
मी ब्रिटिश कोलंबियात चार वर्षे हीच झाडे बाहेर लावतो आहे. वाटर्लू-किचनर भागाचे पाणी मुख्यतः भूगर्भातून येते आणि जड असते, त्यामुळे राखेने सामू वाढवण्याचे जे काम एकदम केले तेच नळाचे पाणी रोज थोडे थोडे करत असणार. घरात पाणी मऊ करणारे यंत्र असेल, तर त्यातले पाणीही कुंडीला घालू नये. त्यात सोडियम असते.

सामू असा मोजावा: नेहमीसारखे पाणी घालून तासभर थांबावे, मग वरून थोडे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी ओतून कुंडीखाली निथळलेले पहिले अर्धा कप पाणी मोजावे. राखेच्या व बिनराखेच्या कुंडीचे आकडे शेजारी ठेवावेत, म्हणजे अंदाज बांधण्याची गरज उरणार नाही.

खालच्या पानांवरच्या ठिपक्यांचा मात्र लोहाशी संबंध जोडू नये. ठिपक्याभोवती पिवळे वलय असेल आणि तो पाऊस किंवा दाट दव पडल्यानंतर जमिनीजवळच्या पानांवर आला असेल, तर तो बहुधा सेप्टोरिया बुरशीचा पानठिपका असतो. अशी पाने काढून टाकावीत आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालावे. पानाखाली बारीक जाळी दिसली तर कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) पाहावा. मी स्वतः पहिल्या वर्षी कोळी लागलेल्या झाडाला कमतरता समजून तीन आठवडे कॅल्शियम पाजत होतो.

परसदार_किचनर:
मोजले. राखेच्या कुंड्यांचा सामू ८.१ आणि ८.०, इतर दोन्हींचा ७.२. ठिपक्यांना पिवळे वलय आहे, जाळी नाही. आता गंधक घालू का? कोणी व्हिनेगरही सुचवले आहे.

निवृत्त_कृषिसहायक:
आकड्यांनी उत्तर दिलेच आहे. मातीसाठी साधारण ६ ते ७ सामू चांगला. गंधक योग्य आहे, पण त्याचे आम्ल जमिनीतले जिवाणू करतात आणि त्याला आठवडे, कित्येकदा महिने लागतात. आपल्याकडे थंडी पडेपर्यंत तेवढा वेळ नाही. व्हिनेगरचा परिणाम चार दिवसांत ओसरतो. साधे हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचे क्षार) अशा मातीत टाकले तर लगेच निरुपयोगी होते, म्हणून तर आमचे शेतकरी ते शेणखतात मुरवून देतात.

आपण चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेले लोह, घ्यावे, पण त्या रसायनाचे वेष्टनावरचे अक्षर वाचून. ईडीटीए प्रकार साडेसहाच्या वर टिकत नाही, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत चालतो, आणि आठ सामूला ईडीडीएचए हाच उपयोगी. त्याचे द्रावण तांबडे होते, त्याने घाबरू नये. सांगितलेल्या मात्रेच्या निम्मी मात्रा घेऊन बुंध्याशी आळवणी करावी, म्हणजे द्रावण मुळांजवळ मातीत ओतावे. फुलोरा आला असल्याने फवारणी टाळावी, कारण ओल्या फुलात बुरशी धरते. वरची राखमिश्रित दोन-तीन इंच माती मुळांना धक्का न लावता काढून तेथे पीट मिसळलेले कंपोस्ट भरावे आणि शक्य तोवर पन्हळीखाली पिंप ठेवून पावसाचे पाणी वापरावे.

जुनी पिवळी पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही. गुण आला की नाही हे यापुढे फुटणाऱ्या पानावरच ठरवावे. आणि सप्टेंबरअखेर फुले भरत असताना खालची मोठी पाने पिवळी होऊन गळू लागली, तर पुन्हा खताच्या बाटलीकडे धावू नये. तेव्हा झाड स्वतःच पाने रिकामी करत असते.

परसदार_किचनर:
अकरा दिवसांनंतरची नोंद. राखेच्या एका झाडाला आलेली नवी पाने हिरवी आहेत, जुन्या पिवळ्या पानांपैकी दोन-तीन देठाकडून हिरवट झाली आहेत. दुसऱ्या झाडाचा शेंडा अजून फिकट आहे. त्या कुंडीचा सामू काल ७.७ निघाला. ठिपक्यांची पाने तोडली, नवीन ठिपके आलेले नाहीत. पिंपात सध्या गुडघाभर पाणी आहे आणि शनिवारी पावसाचा अंदाज आहे, तेव्हा नळ तोपर्यंत बंद.