सामन्यात बंद पडलेल्या रोबोटचा डावपेचासाठी उपयोग करावा का?

रोबोटिक्स मार्गदर्शक, रत्नागिरी

सांघिक स्पर्धेत एखादा रोबोट मध्येच बंद पडला, की आपल्याकडचे बहुतेक संघ त्याला हिशेबातून वजा करतात आणि उरलेल्या रोबोटांवर सामना ओढत नेतात. माझे म्हणणे असे, की बंद रोबोटचे काय करायचे हे सामन्याआधीच ठरलेले असावे आणि त्याचा सरावही व्हावा.

एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) या विद्यार्थी संघांच्या रोबोट स्पर्धेचेच उदाहरण घ्या. तिथे संघ युती करून खेळतात आणि प्रत्येक युतीत तीन रोबोट असतात. सामन्यात आधी स्वयंचलित टप्पा असतो आणि मग खेळ रोबोट दुरून चालवणाऱ्या चालकांच्या हाती येतो; २०१६ मध्ये हे टप्पे १५ आणि १३५ सेकंदांचे होते. त्या वर्षीच्या खेळात किल्ल्याचा बुरुज सर करायचा होता आणि त्यासाठी बुरुजाची ताकद संपवण्याबरोबरच शेवटी युतीचे तिन्ही रोबोट बुरुजापाशी पोहोचलेले असावे लागत. अशा खेळात सहकाऱ्याचा बंद रोबोट ढकलत तिथवर नेता येणे म्हणजे हातचे गुण वाचवणे.

मात्र ढकलण्याचेही तंत्र आहे. आमच्या एका सराव सामन्यात सहकारी संघाचा रोबोट गुण करण्याच्या जागेसमोरच थांबला. आमच्या चालक मुलीने त्याला बाजूने रेटले, तर त्याची रबरी चाके आडवी घासत राहिली आणि तो जागचा हलेना. मागून, चाके ज्या दिशेने फिरतात त्या दिशेने ढकलले असते, तर तो सरकला असता. शिवाय वीज चालू असून नुसता निष्क्रिय झालेला रोबोट ब्रेक मोडमध्ये, म्हणजे मोटरी चाके रोखून धरतील अशा स्थितीत असेल, तर त्याच्या मोटरी विरोध करतात. कोस्ट मोडमध्ये, म्हणजे चाके मोकळी सोडलेली असतील, तर तो पुष्कळ सहज घरंगळतो. सहकाऱ्याचा रोबोट कोणत्या मोडमध्ये असतो, हे सामन्यापूर्वी किती संघ विचारतात?

इलेक्ट्रॉनिक्स शिक्षिका, मालवण

सर, आपला मुद्दा मला पटत नाही. रोबोट बंद पडल्यावर काय करायचे याचा सराव करण्याइतका वेळ ज्या संघाकडे आहे, त्याने तो वेळ रोबोट बंद पडू नये यासाठी द्यावा. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा आहे. पावसाळाभर प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलेल्या बॅटरीचा कनेक्टर उघडून पाहा. तांब्यावर हिरवट थर चढलेला दिसतो. त्यात मालवणहून रत्नागिरीला जाताना एसटीच्या मागच्या सीटवर रोबोट ठेवला, की रस्त्याच्या हादऱ्यांनी स्क्रू आणि तारांची टोके सैल होतात. आम्ही मैदानावर जाण्याआधी प्रत्येक तार हाताने ओढून पाहतो आणि बॅटरीची टोके घासून घेतो. मुलांनी शिकायचे ते हे. बंद रोबोटचा डाव आधीच हाताशी असला, की ही तपासणी ढिली पडते, असे माझे निरीक्षण आहे.

माजी चालक, अभियांत्रिकी विद्यार्थी, चिपळूण

मॅडमचा मुद्दा मान्य आहे, पण तो माझ्या रोबोटपुरता झाला. पात्रता फेरीत सहकारी संघ आयोजक ठरवतात, आणि त्यांच्या तारा मी ओढून पाहू शकत नाही.

तरीही ढकलायला धावू नये, असे मी सांगेन, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. एफआरसीच्या रोबोटचे वजन बॅटरी आणि बंपर (भोवतीची संरक्षक गादी) धरून ६० किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असते. तेवढे धूड रेटताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर इतका ताण येतो, की व्होल्टेज ७ च्या जरा खाली गेल्यावर नियंत्रक स्वतःच मोटरींची वीज तोडतो. म्हणजे एका बंद रोबोटच्या नादात दुसराही आचके देऊ लागतो. दुसरे असे, की रोबोट नेमका का थांबला हे आधी विचारावे. केवळ रोबोटचा संपर्क ठेवणाऱ्या रेडिओची वीज क्षणभर गेली असेल, तर तो अर्ध्यापाऊण मिनिटात पुन्हा जोडला जाऊ शकतो. अशा वेळी त्याच्या चालकाने घाबरून आणीबाणीचे लाल बटण दाबले, तर तो त्या सामन्यापुरता कायमचा गेला. म्हणून सहकाऱ्याचा पहिला प्रश्न ‘ढकलू का?’ हा नसावा, ‘परत येणार आहे का?’ हा असावा.

क्रीडाशिक्षक व कबड्डी पंच, देवगड

मला यंत्रातले फारसे कळत नाही, पण खेळाचे कळते. कबड्डीत बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर जातो आणि उरलेल्या खेळाचे नियम त्या उणिवेचा विचार करतात. समोर सहा बचावपटू नसतील, तर चढाईपटूला बोनस गुण मिळत नाही. बाद खेळाडूला कोणी मैदानात आडवा झोपवून अडथळा म्हणून वापरत नाही. रोबोकप या रोबोटांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या कनिष्ठ गटातील फुटबॉलमध्येही बिघडलेला रोबोट किमान एक मिनिट बाहेर काढतात, असे मुलांकडून समजले. हीच पद्धत योग्य आहे. बंद रोबोट प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत मुद्दाम नेऊन ठेवणे याला मी डावपेच म्हणणार नाही.

रोबोटिक्स मार्गदर्शक, रत्नागिरी

गुरुजी, रोबोकपमध्ये पंच तो रोबोट उचलू शकतात, कारण तो लहान असतो. एफआरसीत सामना सुरू असताना मैदानात माणूस उतरवणे धोक्याचे असल्यामुळे बंद पडलेला रोबोट अखेरपर्यंत तिथेच राहतो, आपल्याला आवडो वा न आवडो. तो कोणाच्या ना कोणाच्या वाटेत येणारच; मग निदान आपल्या सहकाऱ्याची वाट मोकळी करणे यात गैर काय?

प्रतिस्पर्ध्याची वाट मुद्दाम अडवण्याबद्दल मात्र मी आपल्या बाजूचा आहे. नियमपुस्तिकेत त्याला दंड असो वा नसो, माझ्या संघाला मी ते करू देणार नाही. ढकलणे हे आपल्या जोडीदाराला गुणांपर्यंत नेण्यासाठी किंवा रस्त्यातून बाजूला सारण्यासाठी, एवढीच माझी मर्यादा.

मॅडम, आपली तपासणी आमच्या संघातही होते, आणि तरीही रोबोट बंद पडतात. धक्क्याने रोबोटची सगळी वीज तोडणाऱ्या मुख्य ब्रेकरचा खटका पडला, तर स्वच्छ कनेक्टर काय करणार?

इलेक्ट्रॉनिक्स शिक्षिका, मालवण

तो खटका धक्का लागणार नाही अशा जागी बसवणे हेही तपासणीतच येते, सर. बाद फेरीत तर राखीव रोबोट बोलावण्याची सोयही असते. तेव्हा हा सगळा खटाटोप पात्रता फेरीपुरता उरतो, आणि तेवढ्यासाठी मुलांचा सरावाचा वेळ खर्च करायला मी अजूनही तयार नाही.

माजी चालक, अभियांत्रिकी विद्यार्थी, चिपळूण

मॅडम, बाद फेरीत कोणाबरोबर खेळायचे हे पात्रता फेरीतल्या गुणांवरच ठरते, त्यामुळे ‘तेवढ्यासाठी’ म्हणणे मला जड जाते. पूर्ण सराव नको असेल, तर सामन्याआधी रांगेत उभे असताना सहकारी संघाला दोनच गोष्टी विचारायला लावा: मोटरी कोणत्या मोडमध्ये आहेत, आणि रोबोट थांबला तर कोणत्या बाजूने ढकलायचा. याला एक मिनिटही लागत नाही.