भगर ताजी, गरम आणि चवीला नेहमीसारखी. तरीही विषबाधा कशी झाली?

प्रश्न: परभणीची गृहिणी

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमचे एकत्र कुटुंब असून घरातील बहुतेकांना एकादशीचा उपवास असतो. मागील एकादशीला दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ल्यावर दोन-तीन तासांत सासूबाईंना गरगरू लागले, हातापायांना कंप सुटला आणि पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या. धाकट्या जाऊबाईंच्या सात वर्षांच्या मुलालाही तोच त्रास झाला. ज्यांनी आमटी साबुदाण्याच्या खिचडीबरोबर खाल्ली आणि भगर घेतलीच नाही, त्यांना मात्र काहीही झाले नाही. दवाखान्यात सलाइन लावल्यावर दोघेही दुसऱ्या दिवशी बरे झाले.

भगर त्याच दिवशी शिजवलेली होती, गरमच वाढली होती आणि तिला कसलाही वास नव्हता. मग दोष नेमका कोठे राहिला असेल? दुसरे असे, की असा प्रसंग रात्री ओढवला तर वाहन मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत घरी काय द्यावे? शेजारच्या वडीलधाऱ्या बायका मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला सांगतात. ते योग्य आहे का? घरात लहान मुले आणि वृद्ध दोन्ही असल्यामुळे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर: आरोग्यसेविका, हिंगोली जिल्हा

ताई, आपल्या वर्णनावरून भगरीवरच संशय जातो. खात्री मात्र नमुना तपासल्यावरच होते. भगरीला ओल लागली की तिच्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढू शकते आणि ती फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार करते. शिजवताना बुरशी मरते, परंतु तिने दाण्यात आधीच सोडलेले विष उष्णतेने पुरते नाहीसे होत नाही. म्हणून अन्न ताजे आणि गरम असणे ही येथे सुरक्षिततेची खूण ठरत नाही. गरगरणे, हातपाय थरथरणे आणि उलट्या ही लक्षणे अशा विषबाधेत नेहमी आढळतात. आपल्या मराठवाड्यात महाशिवरात्र, एकादशी आणि नवरात्राच्या दिवसांत असे रुग्ण वारंवार येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात धार्मिक कार्यक्रमातील प्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना उपचार घ्यावे लागले होते.

आता घरच्या उपायांविषयी. मिठाचे पाणी पाजून उलटी मुळीच काढू नये; त्याने रक्तातील मीठ धोकादायक रीतीने वाढू शकते, आणि ग्लानीत असलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. खरी निकड असते ती शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढण्याची. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात संपूर्ण विरघळवावे आणि ते पाणी चोवीस तासांत वापरावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये, कारण मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबावे आणि मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. एकदम पेलाभर पाजले तर ते सगळे बाहेर पडते. बाजारातील गोड फळपेये ओआरएसच्या जागी देऊ नयेत. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत, आणि शौचात रक्त किंवा अंगात ताप असेल तर मोठ्यांनीही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

हातपाय थरथरत असतील, रुग्ण ग्लानीत असेल, पाणी पोटात टिकत नसेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा शौचात रक्त दिसत असेल, तर घरी वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्लानीतील माणसाला कुशीवर निजवावे आणि त्याच्या तोंडात काहीही घालू नये. उरलेली कच्ची व शिजवलेली भगर आणि तिचे पाकीट टाकून न देता डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर: किराणा व्यापारी, जालना

खरेदीबाबत थोडे लिहितो. मोंढ्यातून आलेले पोते एकदा उघडले की पावसाळी हवेत त्यातील माल ओल धरतो, आणि सुट्या मालावर तारीख नसल्यामुळे तो किती जुना आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही. म्हणून पॅकिंगची तारीख असलेले छोटे पाकीट एका उपवासापुरतेच घ्यावे. भगरीचे तयार पीठ तर घेऊच नये, कारण पीठ दाण्यापेक्षा फार लवकर ओल धरते आणि त्यातील बुरशी डोळ्यांना दिसत नाही. थालीपीठ करायचेच असेल तर भगर निवडून, धुऊन, पूर्ण वाळवून घरीच लागेल तेवढी दळावी.

पुन्हा प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आमची भगर सुटीच आणलेली होती. सणाला उरलेली भगर डब्यात ठेवून पुढच्या उपवासाला वापरली तर चालेल का? आणि शिजवलेली भगर संध्याकाळी परत गरम करून खावी का?

उत्तर: आरोग्यसेविका, हिंगोली जिल्हा

पाकीट फोडल्यावर भगर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवली तर थोडे दिवस चालते; पण गोळे झालेली, काळपट पडलेली किंवा कुबट वासाची भगर गुरांनाही न घालता टाकून द्यावी. पाकिटाचीही आंधळी खात्री बाळगू नये आणि निवडल्याशिवाय भगर शिजत टाकू नये. भगर, भात आणि आमटी शिजल्यावर दोन तासांत संपवावी किंवा फ्रीजमध्ये ठेवावी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा ही मुदत एक तासाचीच समजावी. भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष पुन्हा उकळूनही जात नाही, त्यामुळे दुपारपासून बाहेर राहिलेले अन्न संध्याकाळी कितीही गरम केले तरी ते खाण्यायोग्य होत नाही. दुपारच्या फराळापुरतीच भगर शिजवावी. सासूबाईंना आणि मुलाला पुढील एकादशीला राजगिरा, रताळे किंवा फळे द्यावीत.